बाकावर कोण बसलं आहे ते आधी बघ

प्रिय,

तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. पहिल्यांदा रात्री, आणि पुन्हा सकाळी गंगापूर रोडवरून फिरून आल्यावर. विषय चांगला आहे. डायलिसिसवरच्या माणसाभोवती नाती कशी बदलतात, हे नाशिकमध्ये बसून बघायचं तू ठरवलंस याचा मला फार आनंद झाला. पण पान सातवर तू प्रश्नावली जोडली आहेस, आणि तिचा पहिलाच प्रश्न आहे, "सोबत आलेल्या व्यक्तीचं रुग्णाशी नातं काय?" तो आधी काढून टाक. या पत्रातलं बाकीचं सगळं त्या एका प्रश्नाबद्दलच आहे असं समज.

तू हा प्रश्न विचारलास की उत्तर ठरलेलं येतं. भाऊ. मुलगा. मिस्टर. तू रकाना भरतेस आणि पुढे जातेस. पण सुरगाण्याहून पहाटेच्या एसटीनं वणी-दिंडोरीवरून आलेल्या बाईच्या शेजारी बसलेला तो "भाऊ" तिच्या पाठचा असेल, चुलत असेल, मावसभाऊ असेल किंवा शेजारच्या पाड्यावरचा मुलगा असेल. विचारणारी वहीपेन घेऊन बसली आहे म्हणून तो भाऊ झाला. त्याऐवजी कालच्या दिवसाबद्दल विचार. आज सोबत कोण आलं? मागच्या वेळी कोण आलं होतं? भाजी कोणी उकडली? गोठ्यात आत्ता कोण आहे? तिकिटाचे पैसे कोणी काढले? नातं या उत्तरांतून आपोआप वर येतं, आणि तुला अपेक्षित नसलेल्या माणसाचं नाव घेऊन येतं.

ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ रिव्हर्स तू वाचला आहेस. वंशावळ लिहून घेण्याची त्याची रीत १९१० मध्ये छापून आली. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर १८९८ साली गेलेल्या मोहिमेत त्यानं ती घडवली. आई, वडील, मूल, नवरा, बायको एवढ्याच शब्दांवर तो सगळं उभं करायचा, कारण बाकीचे शब्द प्रत्येक भाषेत वेगळे फसवतात हे त्याच्या ध्यानात आलं होतं. ही शिस्त शिकून घे, ती लागतेच. पण आपण नाशिकचे आहोत. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यांच्या घरी नामावळीच्या वह्या आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या आलेल्या यजमानांची नावं, गाव आणि सह्या त्यांत आहेत. मी माझ्या माहेरची नोंद बघायला गेले होते. पणजोबा सापडले, खापरपणजोबा सापडले. आत्या मात्र कुठेच नव्हती. आजोबांच्या शेवटच्या आजारपणात अकरा महिने अंथरुणाशी बसली होती ती हीच आत्या. त्या वहीत काही खोटं नव्हतं. वही वेगळ्या कामासाठी लिहिलेली होती, एवढंच. तू जी वही लिहिणार आहेस ती कोणत्या कामासाठी, हे रोज सकाळी स्वतःला विचारत जा.

डायलिसिसच्या माणसाभोवती अशा बऱ्याच वह्या असतात आणि प्रत्येकीत त्याचं कुटुंब वेगळं असतं. रेशन कार्ड घे. मोफत उपचारांच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बराच काळ पिवळं किंवा केशरी कार्ड हाच आधार होता. तिथे कुटुंब म्हणजे कार्डावरची नावं. नवऱ्यानं टाकलेली मुलगी माहेरी येते. लग्नात तिचं नाव बापाच्या कार्डातून कमी केलेलं असतं आणि सासरच्या कार्डावर कोणी चढवलेलं नसतं. तिच्या किडन्या गेल्या की ती कोणाच्याच घरातली नसते. अशा दोघींची धावपळ मी जवळून पाहिली आहे. एकीच्या बापानं तहसील कचेरीत सतरा चकरा मारल्या. त्या चकरा तुझ्या नातेसंबंधांच्या प्रकरणात यायला हव्यात. "शासकीय अडचणी" असं उपशीर्षक देऊन त्या मागे टाकू नकोस.

मग कायद्याची यादी. मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यानं जवळचे नातेवाईक म्हणून नवरा-बायको, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण एवढे मोजले. २०११ च्या दुरुस्तीनं त्यात आजी-आजोबा आणि नातवंडं आली. आता आपल्या बोलण्यातली नाती या यादीशेजारी ठेवून बघ. मामा नाही. मावशी नाही, माय मरो पण मावशी जगो म्हणणाऱ्या लोकांत. काका, आत्या, वहिनी, सून, जावई, मेहुणा यांतलं कोणीच नाही. यांना किडनी द्यायची असेल तर मान्यता देणाऱ्या समितीपुढे उभं राहून आपुलकी आणि जिव्हाळा सिद्ध करावा लागतो. हा कायदा किडनीचा बाजार थांबवण्यासाठी आला आणि त्याची गरज होती, यात मला शंका नाही. ज्यांनी कर्जापायी किडनी विकली त्यांच्यासाठी ही यादी म्हणजे कुंपण आहे. पण तू नात्यांची अभ्यासक आहेस. सख्ख्या भाच्याला किडनी द्यायला निघालेल्या मामाला जिव्हाळ्याचा पुरावा म्हणून लग्नाचे जुने फोटो शोधावे लागतात, तेव्हा तिथे काय चाललं आहे हे तुला दिसायला हवं. इरावतीबाई कर्व्यांनी १९५३ च्या त्यांच्या ग्रंथात भारताचे नात्यांच्या दृष्टीनं चार भाग पाडले आणि महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात ठेवला. उत्तरेचे आणि दक्षिणेचे रिवाज इथे एकमेकांत मिसळतात, मामाच्या मुलीशी लग्न इथल्या कित्येक जातींत चालतं, हे त्यांनी दाखवलं. ज्या मुलखात मामा इतका जवळचा, तिथे कायद्याच्या कागदावर तो परका. या फटीत तुझा निम्मा प्रबंध आहे.

त्याच दुरुस्तीनं अदलाबदलही मान्य केली. माझी किडनी माझ्या नवऱ्याला जुळत नाही, तुझी तुझ्या भावाला जुळत नाही, तर मी तुझ्या भावाला देते आणि तू माझ्या नवऱ्याला. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला एकदम साटंलोटं आठवलं. दोन घरांनी मुली देऊन-घेऊन बांधलेली सोयरीक. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ लेव्ही-स्ट्रॉसनं १९४९ साली घराघरांतल्या अशा देवाणघेवाणीवर नात्यांचा जो सिद्धांत उभारला तो मनात ठेवून तू अशा घरांकडे जाशील, तर एक बघ. शस्त्रक्रियेनंतर ही दोन घरं एकमेकांना काय म्हणतात? दिवाळीला फोन करतात का? लग्नपत्रिका पाठवतात का? साटंलोटं हा शब्द मला सुचला, त्यांना सुचला नाही. त्यांच्या तोंडून आला तरच वापर.

आता तुझ्या आराखड्यात नसलेली गोष्ट, चूल. मानवशास्त्रज्ञ जॅनेट कार्स्टन यांनी मलेशियातल्या लंगकावी बेटावर पाहिलं की एका चुलीवरचा भात खाऊन माणसं एका रक्ताची होत जातात, असं तिथले लोक मानतात. रक्त जन्मानं मिळतं तसं जेवणातूनही बनत राहतं. १९९५ चा तो लेख वाच, सावकाश वाच. मग पेठ किंवा कळवणकडच्या एखाद्या घरात जा, जिथे एक माणूस डायलिसिसवर आहे. त्याला मीठ बेतानं हवं. भाजी चिरून पाण्यात उकडायची आणि पाणी ओतून टाकायचं, म्हणजे पोटॅशियम कमी होतं. केळं नाही, शहाळं नाही, बेदाणे नाहीत. पाणी मोजून, त्यात चहा आणि आमटीसुद्धा धरायची. आपल्याकडे चूल वेगळी झाली म्हणजे घर फुटलं. आणि इथे एका छपराखाली, कोणाचं कोणाशी भांडण नसताना, दोन भाज्या शिजायला लागतात. काही घरांत बायका हे निमूट करतात. काही घरांत सगळेच उकडलेलं अळणी खायला लागतात, लेकरांसकट, कारण बापाच्या ताटात वेगळं वाढायचं कोणाच्या जिवावर येतं. एका घरात सासऱ्याचं वेगळं करायला सून तयार होती, पण सासूला ते चालेना. "माझ्या घरात दोन चुली नको" एवढंच ती म्हणायची. मला वाटलं हट्टी आहे. महिनाभर जात राहिले तेव्हा कळलं, की दहा वर्षांपूर्वी थोरला दीर वेगळा निघाला तो दिवस ती विसरलेली नव्हती. दोन पातेल्यांकडे बघून तिला तोच दिवस दिसायचा.

आणि पाणी मोजणारी व्यक्ती शोध. प्रत्येक घरात ती एक असते. बहुतेक वेळा ती नात्यानं सगळ्यात जवळची नसते, कारण जवळच्याला "नको" म्हणणं जमत नाही. एप्रिलच्या उन्हात नवऱ्याच्या हातातला तांब्या काढून घेणं बायकोला जड जातं. मी पाहिलेल्या एका घरात हे काम बारा वर्षांच्या पुतणीकडे होतं. पुढच्या वेळी वजनकाट्यावर अंगात साठलेलं पाणी दोन किलोऐवजी चार किलो भरलं की टेक्निशियन सोबत आलेल्यालाच विचारतो, "काल काय दिलं यांना?" त्या काट्यासमोर घरचे लोक कसे उभे राहतात ते लिहून ठेव.

दवाखान्यात कसं वागायचं हेही सांगते, कारण मला ते कोणी सांगितलं नव्हतं. सुया टोचत असताना बोलू नकोस. पहिला अर्धा तास जाऊ दे. दुसऱ्या तासात माणूस बोलतो. चौथ्या तासात बीपी उतरतं, पायात गोळे येतात, तेव्हा वही मिटून उभी राहा आणि सिस्टरच्या वाटेत येऊ नकोस. फिस्टुलाच्या हाताला, म्हणजे सुया टोचण्यासाठी ज्यात शीर आणि धमनी जोडलेली असते त्या हाताला, कधी धरू नकोस, आधार देतानासुद्धा. तो हात म्हणजे त्यांचा जीव आहे. कोणी आपणहून तिथे बोट ठेवायला सांगितलं आणि आतली थरथर लागली, तर ती मोठी गोष्ट समज. यंत्राबद्दलही शिकून घे. मिनिटाला अर्धा लिटर द्रव गाळणीतून जातो, चार तासांत एकशेवीस लिटर. त्या आकड्यावरून तुला कळेल की पाणी गेलं, वीज गेली की बाकावरची माणसं का उठून उभी राहतात.

संमतीपत्रावर सही मात्र यंत्रावर असताना कधीच घेऊ नकोस. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत संमती मोकळेपणी दिलेली हवी असं आहे. ते वाचून आपण मान हलवतो. पण दोन सुया टोचलेल्या माणसाला "नको" म्हणून उठून जाता येत नाही, ही साधी गोष्ट मला दोन वर्षांनी सुचली. त्याआधीच्या सगळ्या सह्या मी त्यांच्या घरी जाऊन पुन्हा घेतल्या. तिघांनी नकार दिला. त्यांच्या मुलाखती मी वापरल्या नाहीत.

यापुढचं लिहायला मला जड जातंय, पण तुला ते कळायला हवं. एका कुटुंबाशी माझी चांगली ओळख झाली होती. सिडकोतलं घर, नवरा डायलिसिसवर, वय पस्तीस. एका संध्याकाळी सगळे बसले होते. सासू, सासरे, दीर, तो आणि त्याची बायको. मी सहज विचारलं, "घरात यांच्याशी कोणाचा रक्तगट जुळतो?" माहितीसाठी विचारलं. कोणी काही बोललं नाही. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. मी चहा पिऊन निघाले. दोन वर्षांनी ती मला एकटी भेटली तेव्हा म्हणाली, "मॅडम, तुम्ही विचारलंत त्या दिवसापासून घरात माझा रक्तगट सगळ्यांना पाठ झाला." तिनं किडनी दिली की नाही हे मी कुठे लिहिलं नाही आणि तुलाही सांगणार नाही. ते तिचं आहे.

आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे तुला माहीत आहे. त्याचं कारण शोधायला निघालेली मी स्वतःच एका घरात त्या कारणाचा भाग झाले. तेव्हापासून माझा नियम आहे, आणि तू माझ्या हाताखाली काम करणार असशील तर तुझाही: कोण देणार, कोणाचं जुळतं, हा विषय घरच्यांसमोर आपण काढायचा नाही. कोणी एकटं असताना आपणहून बोललं तर ऐकायचं, आणि ऐकलेलं त्याच घरात दुसऱ्या कोणाकडे न्यायचं नाही, होकारार्थी मान हलवूनसुद्धा नाही.

अमेरिकेतल्या कामापैकी दोन गोष्टी वाचायला सांगते. रेने फॉक्स आणि ज्युडिथ स्वेझी यांनी मिळालेल्या अवयवाच्या ओझ्याबद्दल लिहिलं. फेडता न येणारी देणगी घेणाऱ्याला कशी बांधून ठेवते, याला त्यांनी देणगीचा जुलूम म्हटलं. आणि शॅरन कॉफमन, अ‍ॅन रस आणि जॅनेट शिम यांनी २००६ साली म्हाताऱ्या रुग्णांबद्दल लिहिलं. सत्तरी ओलांडलेल्या आईबापांना मुलांनी किडनी देणं शक्य झालं, आणि शक्य झालं म्हणताच ते अपेक्षितही होऊ लागलं, असा त्याचा गाभा आहे. हे वाचताना आपला "पांग फेडणं" हा शब्द मनात वाजेल. पण जपून. आईचे पांग फेडले असं मुलगा म्हणतो. आई काय म्हणते? निफाडची एक बाई मला म्हणाली, "मी दिलेलं परत घेऊ का?" मुलगा देत होता, ती घेत नव्हती, आणि दोघांनाही आपणच प्रेम करतो आहोत याची खात्री होती. अमेरिकेतल्या लेखात हे वाक्य सापडणार नाही. तुझ्या वहीत सापडू शकतं.

इतिहासातलं एक प्रकरण मला नेहमी जवळचं वाटतं. अमेरिकेत सिएटलमध्ये १९६० साली डॉ. स्क्रिबनर यांनी हातात कायम ठेवता येणारी नळी बनवली, म्हणून पुन्हा पुन्हा डायलिसिस शक्य झालं. यंत्रं थोडी आणि माणसं जास्त, म्हणून कोणाला घ्यायचं हे सामान्य नागरिकांची एक समिती ठरवू लागली. लग्न झालं आहे का, पदरी किती माणसं आहेत, हेही ती बघायची. एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला तिथे जागा मिळाली नाही. तेव्हा अल्बर्ट बॅब या अभियंत्यानं १९६४ मध्ये घरी वापरता येईल असं लहान यंत्र तयार केलं आणि तिचं डायलिसिस घरात होऊ लागलं. समितीच्या वहीत जिच्या पदरी कोणी नव्हतं, ती स्वतः मात्र कोणाच्या तरी पदरी होती. आपल्या जिल्ह्यात यादीवर कोण आधी येतं हे बघताना हे आठव.

आणि शेवटचं, बाक. डायलिसिसच्या खोलीबाहेरचा तो लांब बाक हीच तुझी खरी जागा आहे. तिथे एकाच शिफ्टची घरं एकमेकांना ओळखतात. एक जण तिघांचे रिपोर्ट आणतो. नाशिक रोडकडचे चौघे मिळून रिक्षा करतात. २०१५ च्या कुंभमेळ्यात पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद, तेव्हा पंचवटीतल्या दोन रुग्णांना आदल्या रात्री इंदिरानगरमध्ये आपल्या घरी झोपायला बोलावणारी बाई याच बाकावरची होती. त्यांची जात तिला माहीत नव्हती असं मी म्हणणार नाही. माहीत होती आणि तरी बोलावलं. २०२७ चा कुंभ तुझ्या कामाच्या काळात येतो आहे, तेव्हा त्या आठवड्यात बाहेरगावी जाऊ नकोस.

येवल्याचा एक विणकर सोमवार-गुरुवारच्या शिफ्टला होता. त्याच्या शेजारच्या खाटेवर निवृत्त कंडक्टर होते. ते गेले. विणकरानं घरी तीन दिवस देवपूजा बंद ठेवली. बायकोनं विचारलं, "सुतक कशाचं? तुमचे कोण लागत होते ते?" तो म्हणाला, "सोमवार-गुरुवारचे." बायकोनं पुढे विचारलं नाही. भावकी कुठे संपते हे आपल्याकडे सुतकावरून कळतं, आणि त्यानं ते त्या खाटेपर्यंत नेलं. हे मला त्या बायकोनं सांगितलं, तो गेल्यानंतर. तोवर मी त्याच्या चार मुलाखती घेतल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या वर "नातेवाईक: पत्नी, दोन मुलगे" असं लिहिलं होतं.

पुढचा सोमवार मोकळा ठेव. सकाळी सहाला सीबीएसवर, मध्यवर्ती बसस्थानकावर ये, सुरगाण्याची गाडी लागते तिथे. प्रश्नावली आणू नकोस. डबा आण, दोघींना पुरेल असा, कारण त्या बाकावर कोणी ना कोणी विचारतंच, आणि आपल्याकडे काही नसलं तर बरं दिसत नाही. तुला कोकणा बोली येते, ती तिथे मोकळेपणानं बोल. पहिले तीन आठवडे मुलाखत घ्यायची नाही. माझ्या जुन्या वहीतली ती चार पानं तुला दाखवीन, ज्यांवर नंतर मी पेन्सिलीनं दुरुस्ती केली आहे.

तुझी,
मॅडम